वाचकांचे प्रश्न : सीडी प्लेअर घ्यावा की टर्नटेबल?

घरी संगीत ऐकण्याच्या व्यवस्थेविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण तो प्रश्न थोड्याफार फरकाने अनेकांनी विचारला आहे. उरलेल्या तिघांनीही ते आधी वाचावे, म्हणजे मला पुनरुक्ती करावी लागणार नाही.

प्रश्न : मी ठाण्यात नौपाड्याला राहते. शाळेतील नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. वडिलांच्या मागे त्यांचा तबकड्यांचा संग्रह माझ्याकडे आला. त्यात ११० एलपी, तीसेक ईपी (छोट्या तबकड्या) आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या १४ जुन्या तबकड्या आहेत. बहुतेक ख्याल, नाट्यसंगीत आणि भावगीते. शिवाय माझ्या स्वतःच्या दीडशेच्या वर सीडी आहेत. पूर्वीची म्युझिक सिस्टिम बिघडली ती आता दुरुस्त होत नाही. ७० हजार रुपयांत नवी व्यवस्था करायची आहे. मुलगा म्हणतो, सगळे मोबाइलवर मिळते, काही घेऊ नकोस. एक दुकानदार म्हणाला, खरा आवाज तबकडीचाच, सीडीत सूर तुकड्यातुकड्यांनी असतो. अँप्लिफायर आणि स्पीकर घेतल्यावर सीडी प्लेअर आणि तबकड्या वाजवणारे टर्नटेबल अशी दोन्ही यंत्रे घेण्याइतके पैसे उरत नाहीत. काय घ्यावे?

उत्तर : दुकानदाराचे विधान आधी बाजूला करू, कारण ते ऐकून अनेकांनी नको ती खरेदी केलेली मी पाहिली आहे. सीडीवर ध्वनीची नोंद दर सेकंदाला ४४,१०० वेळा आणि प्रत्येक वेळी १६ बिटांच्या आकड्यात केलेली असते, हे खरे आहे. परंतु त्या आकड्यांवरून प्लेअर जी लहर पुन्हा उभी करतो ती अखंड असते, तिला जिन्यासारख्या पायऱ्या नसतात. या पद्धतीत २० किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी पूर्णपणे पकडला जातो. आपल्या आणि माझ्या वयाला १२ किलोहर्ट्झच्या वरचे फारसे काही ऐकू येत नसते, त्यामुळे त्यापलीकडे काय हरवले याची चिंता आपण नातवंडांवर सोपवलेली बरी.

निव्वळ माध्यम म्हणून तुलना केली तर १९८२ साली बाजारात आलेली सीडी १९४८ साली आलेल्या एलपीपेक्षा जवळजवळ प्रत्येक मोजमापात सरस आहे. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल असू शकते. एलपीवर ते चांगल्या स्थितीतही ६० ते ७० डेसिबलच्या दरम्यान राहते. ढोल-ताशे किंवा चित्रपटगीते ऐकणाऱ्याला हा फरक सहज विसरता येतो, कारण तिथे शांतता अशी फारशी नसतेच. आपल्या संग्रहात मात्र ख्याल आहे. विलंबित आलापात गायक थांबतो, तानपुरा एकटाच उरतो, आणि नेमक्या त्याच जागी तबकडीची खरखर पुढे येऊन बसते.

तानपुऱ्याचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण टर्नटेबलविषयीचे बहुतेक लेखन पाश्चात्त्य संगीत डोळ्यांसमोर ठेवून झालेले असल्यामुळे ती सहसा सांगितली जात नाही. तबकडीचे मधले भोक अगदी केंद्रात नसेल, अगदी अर्धा मिलिमीटर जरी सरकलेले असेल, तरी सुई प्रत्येक फेऱ्यात थोडी आत आणि थोडी बाहेर झुलते आणि सूर तेवढाच चढतो-उतरतो. मिनिटाला ३३ १/३ फेरे म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. भरगच्च वाद्यमेळ असलेल्या गाण्यात हे झुलणे लपून जाते. तानपुऱ्याचा सलग षड्ज मात्र पावणेदोन सेकंदांनी एकदा श्वास घेतल्यासारखा हलू लागतो. एकदा ते कानात शिरले की पुढची वीस मिनिटे दुसरे काही ऐकू येत नाही. टर्नटेबलचा रबरी पट्टा सैल झाला असेल तर हेच झुलणे अनियमित होते. म्हणून कोणतेही टर्नटेबल विकत घेण्यापूर्वी दुकानात ते चित्रपटगीतावर ऐकू नये. आपल्या घरातील एखादी आलापाची, शक्यतो भोक नीट असलेली, एलपी बरोबर न्यावी आणि तानपुरा एकटा वाजत असेल तिथे कान द्यावा. बासरी किंवा सारंगीची तबकडीही चालेल. सतारीवर हे तितकेसे कळत नाही, कारण तिचा प्रत्येक आघात विरत जातो.

दुसरी अडचण अशीच आपल्या संगीताला अधिक जाचणारी आहे. एलपी एका ठरावीक गतीने फिरते, पण सुईखालून सरकणारी खोबण बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर धावते आणि लेबलाजवळ येईपर्यंत तिचा वेग २० सेंटिमीटरच्या आसपास उतरतो. म्हणजे तेवढ्याच काळाचा ध्वनी निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो, आणि सुई साधी असेल तर उंच स्वर तिथे फाटू लागतात. आता ख्यालाची मांडणी आठवून पाहावी : संथ आलाप बाहेरच्या ऐसपैस खोबणीत, आणि द्रुत बंदिश, तिच्या सपाट ताना, तारसप्तकातील फेक हे सगळे लेबलाजवळच्या अडचणीच्या जागेत. सीडीत हा प्रकारच नाही, कारण ती आतून बाहेर वाचली जाते आणि लेसर बाहेर सरकेल तशी तिची गती मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्यांवरून २००पर्यंत उतरवली जाते, जेणेकरून लेसरखालून सरकणाऱ्या मार्गाचा वेग सगळीकडे सारखा राहतो.

एवढे वाचल्यावर मी आपल्याला सीडी प्लेअर घ्यायला सांगणार असे वाटेल. तसे मी सांगत नाही.

याचे एक कारण असे की माध्यम चांगले असले म्हणजे त्यावर जे उतरवले आहे ते चांगले असतेच असे नाही. माझ्याकडील काही सीडींवर जुन्या ध्वनिमुद्रणातील खरखर काढण्याच्या नादात तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुंजही, पुसून टाकली गेली आहे. गायकाचा आवाज लोकरीच्या कापडाआडून आल्यासारखा वाटतो. त्याच मैफलीची एलपी खरखरते, पण तिच्यात श्वास ऐकू येतो. मात्र याच्या उलट उदाहरणेही माझ्याच कपाटात आहेत. म्हणून ज्या संगीताची तबकडी आणि सीडी अशी दोन्ही रूपे आपल्याकडे असतील, तिथे कोणते सरस हे त्या त्या वेळी ऐकूनच ठरवावे लागेल.

याहून मोठे कारण आपल्या कपाटात आहे. वडिलांच्या ११० एलपी आणि तीस ईपींची यादी हातात घेऊन बसावे आणि त्यांतील किती मुद्रणे सीडीवर किंवा मोबाइलवर खरोखर मिळतात हे एकेक करून तपासावे. चिरंजीव म्हणतात त्याप्रमाणे बरेच काही मिळेल. पण भावगीतांच्या छोट्या ईपी, एखाद्या कमी गाजलेल्या गायकाची एकुलती एक एलपी, नाट्यपदांचे एखादे जुने मुद्रण यांपैकी काही कुठेच मिळणार नाहीत, आणि मिळाले तरी तेच मुद्रण असेल याची खात्री नसेल. जे दुसरीकडे कुठेच नाही ते वाजवण्याचे साधन घरात असावे, असे माझे मत आहे.

सीडींचे काय? येथे एक सोयीची गोष्ट आहे. घरात माळ्यावर जुना डीव्हीडी प्लेअर पडलेला असेल तर तो खाली काढावा. नसेल तर ओळखीत कुणाकडे तरी नक्की असेल. तो सीडी वाजवतो, आणि त्यामागील लाल-पांढऱ्या तारा अँप्लिफायरला जोडल्या की काम भागते. महागडा सीडी प्लेअर आणि साधा डीव्हीडी प्लेअर यांच्या आवाजात फरक नसतो असे मी म्हणणार नाही. परंतु तो फरक साध्या आणि चांगल्या टर्नटेबलमधील फरकाच्या मानाने फार लहान असतो. आकडे वाचण्याचे काम स्वस्त यंत्रही बऱ्यापैकी बिनचूक करते. याउलट सुई, दांडा, कण्याचा बेअरिंग आणि मोटर हे सगळे यांत्रिक काम आहे, आणि तिथे पैसे वाचवले की ते ऐकू येते. सीडीचा दर्जा वरचा असूनही पैसे टर्नटेबलवर खर्च करा, असे मी म्हणतो ते यामुळे.

रकमेची विभागणी मी अशी करीन : अँप्लिफायर आणि स्पीकर यांना मिळून ४० हजार, टर्नटेबलला सुमारे २५ हजार, आणि उरलेले पाच हजार राखीव सुई, कार्बन ब्रश आणि तबकड्यांच्या नव्या आतल्या पिशव्या यांसाठी. हे पाच हजार कुठेही वळवू नयेत. हिऱ्याची सुई साधारणपणे ५०० ते १,००० तास टिकते, म्हणजे रोज तासभर ऐकणाऱ्याने दीड ते अडीच वर्षांत ती बदलावी. मी तरुणपणी हे मनावर घेतले नव्हते. सुई झिजलेली असताना वर्षभर वाजवत राहिलो आणि नाट्यपदांची एक एलपी अशी खरवडली की नव्या सुईने वाजवली तरी ‘स’ आणि ‘श’ आजही चिरकतात. झिजलेल्या सुईचे नुकसान सुई बदलून भरून येत नाही.

टर्नटेबल निवडताना सुईचा भार ग्रॅममध्ये लावता येतो का आणि कार्ट्रिज, म्हणजे दांड्याच्या टोकाचा सुई बसवलेला भाग, बदलता येते का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. चांगल्या कार्ट्रिजचा भार दीड ते दोन ग्रॅम असतो. वाजवणे संपल्यावर दांडा आपोआप उचलला जाण्याची सोय असेल तर ती आपल्याला उपयोगी पडेल. दुपारी ऐकता ऐकता डोळा लागला तर सुई तासभर शेवटच्या खोबणीत घासत राहत नाही. ईपींसाठी ४५ची गती लागेल, ती जवळजवळ प्रत्येक टर्नटेबलवर असते.

७८च्या १४ तबकड्यांचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागेल. सगळ्या टर्नटेबलांवर ती गती नसते, आणि गती असली तरी एलपीची सुई त्यांवर टेकवू नये. एलपीच्या सुईचे टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचे असते, तर ७८च्या रुंद खोबणीला सुमारे ७५ मायक्रॉनचे लागते. बारीक सुई तळाशी जाऊन साचलेल्या मळात खडखडत राहते. वेगळी सुई मिळणारे कार्ट्रिज असेल तर प्रश्न सुटतो. नाही तर या चौदा तबकड्या एखाद्या जाणत्या संग्राहकाकडून एकदाच डिजिटल करून घ्याव्यात आणि मूळ तबकड्या जपून ठेवाव्यात. त्या लाखेच्या असतात, म्हणून त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण लावू नये, लाख विरघळते. त्यांतील एखादी फार जुनी असेल तर शेवटपर्यंत ऐकावी. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे मुद्रण झाले त्या काळात कलाकार गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव सांगत, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या कामगारांना कोण गात आहे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

टर्नटेबल कुठे ठेवणार, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो निम्मा प्रश्न आहे. पाचपाखाडीतील माझ्या एका स्नेह्यांनी नवे टर्नटेबल हौसेने टीव्ही युनिटवर, दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये ठेवले होते. आवाज थोडा वाढवला की खालच्या पट्टीत एक गुरगुर सुरू होई, आणि स्पीकरची जाळी काढून पाहिले तर मोठा पडदा कोणताही सूर नसताना आत-बाहेर धापा टाकताना दिसे. दोष अँप्लिफायरचा आहे असे त्यांना सांगण्यात आले होते आणि ते तो बदलायला निघाले होते. मी मोटर बंद केली, थांबलेल्या तबकडीवर सुई अलगद टेकवली, आवाज अगदी थोडा ठेवला आणि युनिटच्या फळीवर बोटाच्या पेराने टिचकी मारली. स्पीकरमधून डग्ग्यावर थाप पडावी तसा आवाज आला. फळीला जे कळते ते सुईला कळते. स्पीकरच्या कंपनांनी फळी हलत होती, फळीमुळे सुई हलत होती, आणि सुईचे हलणे पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडत होते. त्यांच्या घरात भिंतीत बसवलेली कडप्प्याची एक फळी होती, तिच्यावर देवादिकांच्या जुन्या तसबिरी होत्या. तसबिरी बाजूला झाल्या, टर्नटेबल तिथे गेले, आणि टिचकी ऐकू येईनाशी झाली. नौपाड्यातील जुन्या घरात अशी फळी आपल्याकडेही असण्याचा संभव आहे. नसेल तर भिंतीला पक्के केलेले शेल्फ करून घ्यावे. स्पीकर मात्र जमिनीवरील स्टँडवर, वेगळे असावेत.

आता पावसाळा. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत, आणि बाहेरच्या ओलसर भिंतीला लागून असलेल्या कपाटात तर मुळीच नकोत. जुन्या कागदी आतल्या पिशव्यांना बुरशी धरते आणि ती खोबणीत उतरते. त्या काढून पॉलिथिनच्या अस्तराच्या पिशव्या घालाव्यात. जुनी मऊ प्लास्टिकची आवरणे तबकडीला चिकटतात, तीही काढावीत. बुरशी आलेली एलपी धुता येते : इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्यांच्या सौम्य द्रावणाचे दोन थेंब, आणि मऊ कापड खोबणीच्या दिशेने गोल फिरवून. लेबल भिजू देऊ नये. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून भांडी निथळायच्या जाळीत उभी करावी आणि पंखा बंद ठेवावा, नाही तर ओल्या खोबणीत धूळ बसते. सीडीही पावसाळ्याला अगदीच अजिंक्य नाही. तिचा नाजूक भाग खालची चकचकीत बाजू नसून वरची लेबलाची बाजू आहे, कारण ॲल्युमिनियमचा पातळ थर तिथे एका लाखेसारख्या मुलाम्याच्या आडच असतो. तिथे चिकटपट्टी लावणे, टोकदार पेनाने लिहिणे टाळावे. घरी लिहिलेल्या सीडींमधील रंगद्रव्य काळाबरोबर फिके पडते, त्यांच्या प्रती लवकर काढून ठेवाव्यात.

प्रश्न : मी नेरुळला राहतो, वय २९. माझ्याकडे एकही तबकडी नाही. पण एका मित्राकडे सुटकेससारखे दिसणारे टर्नटेबल पाहिले आणि तेव्हापासून ते घ्यावेसे वाटते. हिंदुस्थानी संगीत नुकतेच ऐकू लागलो आहे. बजेट मर्यादित आहे. टर्नटेबलने सुरुवात करावी की सीडी प्लेअरने?

उत्तर : सीडी प्लेअरने. मोठे आवरण हातात धरावे, सुई टेकवावी, वीस मिनिटांनी उठून बाजू बदलावी, हा आनंद खरा आहे आणि त्यासाठीच घ्यायचे असेल तर माझी हरकत नाही; पण चांगल्या आवाजासाठी घेत आहे असे स्वतःला सांगू नका. आज नव्याने निघणाऱ्या बऱ्याच एलपी डिजिटल मूळ प्रतीवरूनच कोरल्या जातात. सुटकेसच्या आकाराच्या स्वस्त प्लेअरांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि त्याचा भार पाच ग्रॅमच्या आसपास जातो, म्हणजे चांगल्या कार्ट्रिजच्या दुपटीहून अधिक. त्यात स्पीकर त्याच पेटीत असतात. वर पाचपाखाडीच्या टीव्ही युनिटची गोष्ट सांगितली आहे, तिचेच हे लहान रूप.

शिवाय ख्याल ऐकायला शिकणाऱ्याला सीडीचा एक मोठा फायदा आहे. तासाभराचा राग मध्ये न तोडता ऐकता येतो. एलपीच्या काळात गायकांना वीस-बावीस मिनिटांच्या बाजूत राग बसवावा लागे आणि ७८च्या काळात तर सव्वातीन मिनिटांत. त्या बंधनातूनही असामान्य गाणे निर्माण झाले, पण राग कसा उलगडत जातो हे कळायला आधी लांब मैफल ऐकावी.

मुंबईत काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस हे संगीताचे दुकान २०१६मध्ये बंद झाले, आणि दुकानात उभे राहून सीडी निवडण्याचे सुख त्याबरोबर बरेचसे गेले. मात्र अनेक घरांतून सीडींचे खोके आज रद्दीच्या भावात बाहेर पडत आहेत, त्याचा लाभ घ्यावा. जुना सीडी प्लेअर घेताना सत्तर मिनिटांहून लांब अशी एक सीडी बरोबर न्या आणि थेट शेवटचा ट्रॅक लावा. पहिला ट्रॅक आतल्या कडेला असतो आणि तो थकलेला लेसरही वाजवतो. विक्रेते तोच ऐकवतात. शेवटच्या ट्रॅकला अडखळला, किंवा सीडी आत घेतल्यावर ट्रॅकची संख्या दाखवायला फार वेळ लावू लागला, तर लेसर तरी दुबळा झाला आहे किंवा भिंगावर धूळ आहे. भिंग पुसून सुधारत असेल तर ठीक. नाही तर लेसरचा सुटा भाग मिळतो का हे आधी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारून मगच पैसे द्या.

प्रश्न : वाशीला राहतो. बहीण न्यू जर्सीहून तिचे जुने, चांगल्या प्रतीचे टर्नटेबल पाठवत आहे. १२० व्होल्टचे आहे. ट्रान्सफॉर्मर लावला की चालेल ना?

उत्तर : चालेल, पण कदाचित चुकीच्या गतीने. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो; वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०ची, आणि पट्ट्यावर चालणाऱ्या अनेक जुन्या टर्नटेबलांची मोटर वारंवारतेच्या तालावरच फिरते. अशी मोटर येथे लावली की ३३ १/३ ऐवजी सुमारे २७.८ फेरे होतील. सूर तीन अर्धस्वरांहून थोडा अधिक उतरेल : पेटीच्या काळी चारात गाणारी गायिका पांढरी चाराच्याही किंचित खालून ऐकू येईल आणि मध्यलय विलंबिताकडे झुकेल. गंमत अशी की ज्याने मूळ तबकडी कधी ऐकलेली नाही त्याला यात काही चुकल्याचे पटकन लक्षातही येत नाही. फक्त गाणे आज जरा उदास का वाटते, एवढेच वाटत राहते.

बहिणीला यंत्राच्या मागच्या किंवा खालच्या छापील पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून पाठवायला सांगा. त्यावर ‘५०/६०’ असे असेल, किंवा यंत्र डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर पट्ट्याविना थेट थाळी फिरवते असे) असून क्वार्ट्झ नियंत्रित असेल, किंवा बाहेरच्या छोट्या डीसी अडॅप्टरवर चालत असेल, तर गतीची चिंता नाही. केवळ ‘६०’ लिहिले असेल तर ५० हर्ट्झसाठीची, म्हणजे व्यासाने १.२ पट मोठी, पुली मिळते का ते त्या मॉडेलसाठी पाठवण्यापूर्वीच शोधावे. पाठवताना दांड्यामागचे वजन, रबरी पट्टा आणि वरची जड थाळी काढून स्वतंत्रपणे गुंडाळायला सांगा आणि सुईवर टोपण असल्याची खात्री करून घ्या. थाळी कण्यावर तशीच ठेवून पाठवलेले एक यंत्र मी पाहिले आहे. बेअरिंगला बसलेली खाच कोणालाच काढता आली नाही.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या फ्लॅटमध्ये नवे टर्नटेबल आणले आणि घरच्या अँप्लिफायरच्या ऑक्स जागेत जोडले. सीडी प्लेअर त्याच जागेत मोठ्याने वाजतो. तबकडी मात्र पूर्ण आवाज केला तरी कुजबुजते आणि पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटते. टर्नटेबल परत करावे का?

उत्तर : परत करू नका, त्यात बिघाड नाही. सीडी प्लेअरमधून सुमारे दोन व्होल्टचा सिग्नल येतो. तुमच्या कार्ट्रिजमधून येणारा असतो चार-पाच मिलिव्होल्ट, म्हणजे त्याच्या सुमारे चारशेव्या भागाइतका. आवाज कमी येण्याचे कारण हे. पत्र्याचा डबा वाटण्याचे कारण वेगळे आहे : तबकडी कोरताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, नाही तर खर्जाच्या मोठ्या लाटांनी खोबण एवढी रुंद झाली असती की एका बाजूवर वीस मिनिटे मावलीच नसती. वाजवताना याच्या नेमके उलट करावे लागते. किती दाबायचे आणि किती उचलायचे याचे एकच प्रमाण १९५४पासून आरआयएए या नावाने रूढ आहे, आणि ते काम फोनो प्रीअँप करतो. श्रवणाच्या दोन्ही टोकांना ही दुरुस्ती जवळजवळ २० डेसिबल इतकी असते, त्यामुळे अँप्लिफायरची बास आणि ट्रेबलची बटणे फिरवून ती साधत नाही.

प्रथम टर्नटेबलच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असे बारीक बटण आहे का ते पाहा. असेल तर ते ‘लाइन’वर करून ऑक्सलाच जोडा. नसेल आणि अँप्लिफायरवर ‘फोनो’ अशी वेगळी जागा असेल तर तारा तिथे लावा. दोन्ही नसेल तर छोटा फोनो प्रीअँप विकत आणून मध्ये बसवावा लागेल. टर्नटेबल ‘लाइन’वर ठेवून फोनोच्या जागेत मात्र कधीच लावू नका, आवाज दोनदा वाढून फाटेल, सीडी प्लेअरही त्या जागेत लावू नये.

टर्नटेबलमधून लाल-पांढऱ्या तारांबरोबर एक बारीक तारही बाहेर आलेली असेल, जिच्या टोकाला चिमट्यासारखा पत्रा असतो. लोक ती जास्तीची समजून मागे गुंडाळून ठेवतात. ती अँप्लिफायरच्या किंवा प्रीअँपच्या मागील ‘ग्राउंड’च्या स्क्रूखाली आवळा. ती मोकळी राहिली तर आवाज वाढवताच ५० हर्ट्झची गुणगुण येईल. ती आवळूनही बारीक झणझण उरली, तर पंख्याचा रेग्युलेटर एकदा पूर्ण बंद करून पाहा. पुष्कळदा ती तिथून आलेली असते.